मोकळी जागा

शिवाजीनगर कोर्टाच्या मागच्या फाटकाशी
अठरा वर्षं टायपिंग केलं या डब्यावर.
परवा कात्रजचा एक मुलगा बघून गेला,
पंख्याची घरघर ऐकून पाचशे कमी केले,
साडेतीन हजारांत ठरलं.
शनिवारी नेतो म्हणाला.

मी सगळं डिलीट केलं होतं.
प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, कुलमुखत्यारपत्रं,
शेजाऱ्याच्या कुत्र्याविरुद्धची एक सात पानी नोटीस.
कचरापेटीसुद्धा ओतून आले.
स्क्रीनवर आलं: मोकळी जागा, एकशे बारा जीबी.
बरं वाटलं,
भाड्याची खोली झाडून किल्ली परत देताना
वाटतं तसं.

तपकीर गल्लीतला मुनाफ तांबोळी हसला.
"ताई, डिलीट म्हणजे सातबाऱ्यावरचा कंस.
नाव कंसात जातं.
जात नाही."
त्याच्या आजोबांच्या जमिनीचे कागद मीच टाइप केलेले,
त्यामुळे ही भाषा त्याला येते.

मग त्यानं कसलासा प्रोग्राम लावला
आणि मोकळ्या जागेतून माणसं वर यायला लागली.
अर्धी, कडेला कुरतडलेली,
फॉन्ट उडालेल्या मराठीत:
डॉलर, टक्के, उलटे स्वल्पविराम.
मुनाफला ती खिचडी.
मला वाचता येत होती.

त्यात ती होती.
नाव सांगणार नाही, आज तरी नाही.
दोन तास सांगत होती, मी टाइप करत होते.
रडली नाही. एकदा पाणी मागितलं,
एकदा माझा ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला.
दुसऱ्या दिवशी मी शटर उचलायच्या आधीच उभी.
"पुसून टाका. घरच्यांनी मिटवलंय."
तिच्यासमोर बटण दाबलं.
"पुसलं," म्हटलं.
तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि पन्नासची नोट ठेवून
सुट्टे न घेता गेली.

अकरा वर्षं मी समजत होते
की मी खरं बोलले.

"परत आणू? दहा मिनिटांचं काम."
मी, वय वर्षे सव्वीस, व्यवसाय घरकाम,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
पुढचं मी वाचलं नाही.
खोटं. एक परिच्छेद वाचला.
उद्या तिला लागलं तर, असं मनात आलं.
कोर्टाच्या दारात बसणाऱ्या बाईला
कागद म्हटलं की पुरावाच दिसतो.
पण तिनं कागद ठेवायला नव्हता सांगितला.

"मुनाफ, चालव."
"एकदा फिरवलं तरी पुरतं, ताई.
तीनदा करणारे वहमी."
"तीनदा चालव."

शून्य. शून्य. शून्य.
पुसणं नव्हेच हे, सारवणं आहे;
खालची रांगोळी शेणाखाली जाते
आणि वर हाताचे वळसे तेवढे उरतात.
गुरुवार होता, महावितरणचा भरवसा नाही,
मुनाफनं आपला इन्व्हर्टर जोडला
आणि नमाजाला गेला.
मी स्टुलावर बसून टक्के मोजत राहिले:
अकरा, बारा,
बाराला बराच वेळ अडकलं.
पंखा दमा झाल्यासारखा घरघरत होता.
ती कुठल्या टक्क्याला गेली
ते कळायला काही मार्ग नव्हता.
एकोणचाळीसच्या सुमाराला
मी उगाच उठून उभी राहिले.

शनिवारी मुलगा आला, रोख आणली,
सुरू करून बघितला.
"एकदम रिकामा आहे ना?"
"हो," मी म्हटलं. यावेळी माहीत असून.

मग त्यानं कीबोर्ड उजेडाकडे धरला,
बोटानं चाचपला.
"काकू, यावरची अक्षरं कुठं गेली?"
"ती," मी म्हटलं,
"आपोआप गेली."
त्यानं आणखी शंभर कमी केले.